परवाना हाती आल्यानंतर

नमस्कार श्रोतेहो.

वायदा बाजारात, म्हणजे आज ठरलेल्या भावाने पुढच्या तारखेला माल घेण्या-देण्याचे करार जिथे होतात तिथे, परवानाधारक ब्रोकर व्हायला निघालेली तरुण मंडळी बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: भाव कुठे जाणार, हे ओळखायला कधी येईल? माझं त्यांना आग्रहाचं सांगणं आहे, की ब्रोकरचं काम ते नव्हे. भाव खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. ग्राहकाने सांगितलेला सौदा जसाच्या तसा बाजारात नेणं, त्याचे पैसे सांभाळणं आणि तो किती जोखीम उचलतोय हे सौद्याच्या आधी त्याला उमजेल अशा भाषेत सांगणं, हे ते काम.

परवान्याचं थोडक्यात सांगतो. प्रत्येक देशाचे नियम वेगळे. आपण अमेरिकेचं उदाहरण घेऊ. तिथे ‘सिरीज 3’ ही परीक्षा असते. अडीच तास, 120 प्रश्न. एक भाग बाजाराचा, दुसरा नियमांचा आणि दोन्हींत वेगवेगळे 70 टक्के मिळवावे लागतात. बाजार कोळून प्यायलेला उमेदवार नियमांत कमी पडला तर नापास! मला ही अट अगदी रास्त वाटते. शिवाय एखाद्या नोंदणीकृत कंपनीने तुम्हाला आपल्याकडे घ्यावं लागतं, बोटांचे ठसे देऊन पूर्वइतिहास तपासला जातो.

खरी कसोटी लागते ती मार्जिनपाशी, म्हणजे सौद्यासाठी ग्राहकाने भरून ठेवायच्या अनामत रकमेपाशी. कच्च्या तेलाचा एक वायदा 1000 बॅरलचा असतो. समजा भाव 70 डॉलर आहे. म्हणजे सौदा 70 हजार डॉलरचा झाला, पण ग्राहकाने भरले समजा 7 हजार. आता भाव 2 डॉलरने पडला. बातम्यांत ही घसरण 3 टक्क्यांपेक्षाही कमी म्हणून सांगतील. खरेदी करून बसलेल्या तुमच्या ग्राहकाचे मात्र 2 हजार डॉलर गेले, म्हणजे भरलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. आणि हा तोटा कागदावर राहत नाही. वायद्यात रोजच्या रोज हिशेब होतो, त्याच दिवशी रक्कम खात्यातून वळती होते. शिल्लक ठरावीक पातळीखाली गेली की तुम्हाला फोन करावा लागतो: पैसे भरा, नाहीतर सौदा कापावा लागेल.

हा फोन नवख्या ब्रोकरला फार जड जातो. समोरचा माणूस म्हणतो, उद्यापर्यंत थांबा, भाव वर येईल. त्याच्याबद्दल तुम्हाला कळकळ वाटते, आणि वाटायलाच हवी. पण मुदत वाढवून देणं तुमच्या हातात नसतं. म्हणून हे बोलणं खातं उघडतानाच झालेलं असावं. किती तोटा तुम्हाला झेपेल, हे आधी विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.

तोटा भरलेल्या रकमेपुरताच राहील, असं तर कधीही सांगू नका. 20 एप्रिल 2020 रोजी अमेरिकेतल्या तेलाच्या मे महिन्याच्या वायद्याचा बंद भाव उणे 37.63 डॉलर लागला. महासाथीमुळे तेलाचा खप आटला होता. मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि ज्या कुशिंग गावी तेल ताब्यात घ्यायचं, तिथल्या टाक्यांत मोकळी जागा मिळेना. खरेदी करून बसलेल्यांना पदरचे पैसे देऊन सौद्यातून सुटावं लागलं. शून्याखाली भाव जाऊ शकतो, हे काही ब्रोकरांच्या संगणकांनाही ठाऊक नव्हतं.

ग्राहकांच्या पैशांबद्दलही बोलायला हवं. ते कंपनीच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. 2012 साली पेरेग्रिन फायनान्शियल ही अमेरिकन कंपनी बुडाली, तेव्हा ग्राहकांचे 20 कोटी डॉलरहून अधिक पैसे गायब असल्याचं उघड झालं. मालक वर्षानुवर्षं बँकेची खोटी विवरणपत्रं बनवून तपासनीसांना दाखवत होता. तिथल्या प्रामाणिक कर्मचाऱ्यांनाही नंतर ग्राहकांना तोंड दाखवणं किती अवघड गेलं असेल!

तेव्हा पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. ग्राहकांची रक्कम कुठे ठेवता? मला पगार किती आणि दलालीतला वाटा किती? उत्पन्न निव्वळ सौद्यांच्या संख्येवर असेल, तर ग्राहकाला गरज नसताना खरेदी-विक्री करायला लावण्याचा दबाव पहिल्याच महिन्यात येतो. तेलाचे किंवा धान्याचे खरे व्यापारी, जे भावाच्या चढउतारापासून संरक्षण म्हणून वायदे करतात, असे ग्राहक कंपनीकडे किती आहेत, हेही विचारा. त्यांच्याबरोबर काम करताना हा व्यवसाय सर्वांत चांगला शिकता येतो.