फांदी आधी, पक्षी मागून

[पडद्यावर : पान नसलेला पळस. कॅमेरा बुंध्यापासून शेंड्याकडे. कोवळं ऊन.]

पळस फुलतो तेव्हा त्याच्या अंगावर पान नसतं. काळपट तपकिरी, मखमली कळ्या आणि त्यांतून बाहेर आलेला केशरी रंग. फोटो काढणाऱ्याला वाटतं, आता आडवं यायला हिरवं काही उरलंच नाही. लांबून बघितलं तर तसंच दिसतं.

[पडद्यावर : फुलांचा घोस, अगदी जवळून.]

जवळून बघा. एक पाकळी वर उभी, दोन बाजूंना, आणि खालची बाकदार, टोकाला चोचीसारखी निमुळती. एकेका टोकाला ही फुलं इतकी खेटून बसलेली असतात की मधून बोट जाणार नाही. मागे पुन्हा फांद्या, त्यांच्याही मागे फुलं. या गर्दीत जेमतेम दहा सेंटिमीटरचा पक्षी येऊन बसणार आणि आपण तो नीट दाखवायचा.

[पडद्यावर : छायाचित्रकार ट्रायपॉडमागे. तिच्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर रिकामी फांदी.]

ही आमच्या सोबतची छायाचित्रकार. कॅमेऱ्यासमोर बोलायला तिला फारसं आवडत नाही, नाव तर नकोच म्हणाली. त्यामुळे तिचं म्हणणं तुम्ही आमच्याच तोंडून ऐकणार आहात.

तिच्या स्क्रीनवर पक्षी नाही. झाडावर तीन-चार शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारे चिमुकले पक्षी, आहेत, त्यांचा आवाज तुम्हालाही ऐकू येतोय, आणि ही बाई एका रिकाम्या फांदीचे फोटो काढतेय. आधी फांदी ठरवायची, पक्षी मागून येतो, असा तिचा हिशेब आहे.

फांदी कशी हवी? टोक मोकळं हवं. म्हणजे फांदी फ्रेमच्या एका कोपऱ्यातून आत यावी आणि हवेत संपावी, दुसऱ्या बाजूने बाहेर पडू नये. तिच्यावर फुलं सगळी एका वयाची नकोत, काही कळ्या, काही उमललेली, एखादं मान टाकलेलं. आणि घोसात कुठेतरी एक फट हवी, पक्ष्याचं डोकं मावेल एवढी. ती फट ज्या फांदीला नाही, तिच्यावर कितीही फुलं असली तरी ती फांदी सोडून द्यायची.

[पडद्यावर : एकच फांदी, दोन फ्रेम शेजारी-शेजारी.]

हे दोन फोटो एकाच फांदीचे. डावीकडच्यात फांदीमागे पांढुरका बुंधा आहे, तो नजर ओढून घेतो. उजवीकडे त्याच जागी लांबच्या झाडीची सावली आहे, सपाट, निळसर. मधला फरक छायाचित्रकाराने बाजूला टाकलेल्या अर्ध्या पावलाचा. लांबचं जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्सला मागचं फार थोडं दिसतं, म्हणून आपण जरासे सरकलो तरी मागचं अख्खं चित्र बदलतं. लेन्स बदलण्याआधी पाय हलवून बघावेत. हे सगळे जण सांगतात आणि फार थोडे करतात.

[पडद्यावर : नर शिंजीर घोसावर उतरतो. संथ गती.]

आला.

हा जांभळा शिंजीर, नर. तो हमिंगबर्डसारखा हवेत तरंगत मध पीत नाही. क्षण-दोन क्षण फडफडत थांबतो, पण पोट भरायचं तर देठावर किंवा फांदीवर बसूनच. आपल्या सोयीची गोष्ट हीच. पक्षी कुठे बसेल हे फुलांच्या ठेवणीवरून आधीच ओळखता येतं. पांगाऱ्याच्या तुऱ्यावर तो मधल्या जाड दांड्यावर बसतो, पळसावर घोसाच्या देठावर. शिवाय फुललेली फांदी एकदा आपली मानली की तो दुसऱ्या शिंजिराला तिथे टिकू देत नाही. एक फेरी मारून जातो, फुलांत पुन्हा मध साठला की परततो. म्हणून ही बाई झाडाभोवती पळत नाही. तिची फांदी ठरली आहे, आणि ती फांदी शिंजिरानेही ठरवलेली आहे.

[पडद्यावर : तोच पक्षी, चोच फुलात.]

चोच फुलात असताना शटर दाबण्याचा मोह होतो. दाबू नये. अर्धा चेहरा पाकळीमागे जातो, डोळा सावलीत बुडतो, मान खाली. थांबा.

[पडद्यावर : पक्षी मान वर करतो. चित्र गोठतं.]

हा. मध पिऊन मान वर येते आणि पुढच्या फुलाकडे वळते, तो क्षण. डोळ्यात उजेडाचा ठिपका आलाय. कपाळावर पिवळी धूळ दिसते ना, ते पराग. एका फुलातले पराग दुसऱ्या फुलात जातात ते असे, त्याच्या डोक्यावर बसून. पंख किंचित उचललाय म्हणून काखेजवळचा पिवळा-नारिंगी झुपकाही दिसतोय. तो एरवी पिसांखाली झाकलेला असतो. सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त वेळ शटर उघडं राहिलं असतं, तर या मानेचा नुसता पुसट फराटा आला असता.

पक्षी ज्या बाजूला बघतो त्या बाजूला फ्रेममध्ये जागा सोडावी, हे तुम्ही ऐकलं असेल. इथे तो पुढच्या फुलाकडे बघतो. तेव्हा ती जागा रिकामी सोडायची नाही, तिथे ते फूल हवं. तो कुठे निघालाय हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

[पडद्यावर : छायाचित्रकार ट्रायपॉड उचलून मागे सरकते.]

आता बघा, ती मागे जातेय. पक्षी समोर असताना कुणी मागे जातं का?

इथे थोडं गणित आहे, आणि ते टाळण्यात अर्थ नाही. फुल-फ्रेम, म्हणजे 35 मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरचा कॅमेरा, 400 मिलिमीटरची लेन्स, अ‍ॅपर्चर 5.6 (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक; आकडा मोठा तर भोक लहान), पक्षी 5 मीटरवर. अशा वेळी स्पष्ट दिसणारा पट्टा असतो जेमतेम 5 सेंटिमीटरचा. डोळ्यावर फोकस केला तर शेपटी पुसट होणार, आणि शेजारचं फूल तर रंगाचा एक डाग होऊन जाणार. अ‍ॅपर्चर 8 केलं की तो पट्टा सात सेंटिमीटरच्या आसपास जातो. अजूनही पुरेसा नाही. पण तेच 5.6 ठेवून तुम्ही 10 मीटरवर गेलात, तर पट्टा होतो 20 सेंटिमीटरहून थोडा जास्त. अंतर दुप्पट, पट्टा चौपट. आता पक्षी आणि त्याच्या पुढची-मागची फुलं, सगळं एकाच वेळी स्पष्ट.

याची किंमत म्हणजे पक्षी फ्रेममध्ये अर्ध्या आकाराचा होतो, आणि मागची झाडीही थोडी जास्त ओळखू यायला लागते. झाडीचा बंदोबस्त फांदी निवडतानाच केला होता. पक्षी लहान झाला याला ती किंमत मानतच नाही. फ्रेम भरून पक्षी म्हणजे पासपोर्टचा फोटो, असं ती म्हणते. ओळख पटवायला उत्तम. पण हा पक्षी कोणत्या झाडावर, कोणत्या ऋतूत, कशासाठी आला होता, यातलं काहीच त्यात उरत नाही.

आमचंही मत तेच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून तर या फिल्ममध्ये झाडं इतकी आहेत.

[पडद्यावर : होकुसाईच्या चित्राची प्रतिमा.]

हे जपानी चित्रकार होकुसाईचं ठसाचित्र, 1834च्या सुमाराचं. चेरीची झुकलेली फांदी, तिच्यावर एक छोटा पक्षी, आणि मागे सपाट निळा रंग. मागे डोंगर नाही, ढग नाही. उजवीकडच्या त्या फ्रेममध्ये लांबची सावली जे काम करत होती, तेच इथे निळा रंग करतो.

[पडद्यावर : ढगाळ सकाळ. तोच पळस.]

उजेडाची गोष्ट मात्र अवघड आहे, आणि तिचं पुरतं उत्तर कुणाकडे नाही. फुलांना ढगाळ उजेड मानवतो. सावल्या मऊ, पाकळीवरच्या शिरा दिसतात. पण नर शिंजिराला ढगात बघा. काळा. निव्वळ काळा ठिपका.

[पडद्यावर : ढग सरतो. पक्षी निळा-जांभळा चमकतो.]

आणि हे ऊन आल्यावर. त्याच्या पिसांत निळं किंवा जांभळं रंगद्रव्य नाही. पिसांच्या आतल्या सूक्ष्म थरांवरून उजेड परततो आणि तो रंग होऊन दिसतो. त्यामुळे कोन चुकला की रंग गेला. ऊन आपल्या पाठीमागून, खांद्यावरून यावं लागतं. ते पक्ष्याच्या मागे गेलं की नुसती आकृती उरते.

म्हणजे फुलांना हवा ढग आणि पक्ष्याला हवं ऊन. मधला रस्ता सकाळच्या पहिल्या उन्हाचा. तिरपं, थोडं पिवळं, सावल्या अजून कडक नसलेलं. ते फार वेळ टिकत नाही.

[पडद्यावर : कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम, तीन रंगांचा.]

आणखी एक खोड पळस, पांगारा, काटेसावर या सगळ्यांची. लाल रंग कॅमेऱ्यात लवकर भरून वाहतो. साधा पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, सांगतो सगळं ठीक आहे, आणि घरी येऊन बघावं तर पाकळीवरची एकही शीर शिल्लक नाही, सपाट केशरी रंग. तीन रंगांचा हिस्टोग्राम लावून लाल उजव्या, म्हणजे सगळ्यात उजळ कडेला धडकतोय का ते बघायचं. धडकत असेल तर एक्स्पोजर, म्हणजे आत घेतलेला उजेड, थोडं उतरवायचं, अर्धा-पाऊण स्टॉप (एक स्टॉप उतरवला की उजेड निम्मा). मग पक्षी आणखी काळा होतो. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेली, असेल तर तो काळेपणा नंतर उजळता येतो. जळालेली पाकळी मात्र परत आणता येत नाही.

[पडद्यावर : उतारावरून दिसणारा काटेसावरीचा शेंडा. चष्मेवाल्यांचा थवा.]

काटेसावर उंच वाढते आणि तिची फुलं वर तोंड करून असतात. खालून फोटो काढला तर फुलाची पाठ आणि पक्ष्याचं पोट मिळतं, मागे पांढरं आभाळ. म्हणून हे चित्रण उतारावरून केलं आहे, शेंडा आणि लेन्स एका उंचीवर येतील अशा जागेवरून.

हे चष्मेवाले. पिवळसर हिरवे, डोळ्याभोवती पांढरं कडं. थव्याने येतात, एकाच वेळी पाच-सहा फुलांत डोकी घालतात, आणि काय झालं हे कळायच्या आत पुढच्या झाडावर. इथे एक फांदी ठरवून बसण्याची युक्ती चालत नाही.

[पडद्यावर : फोकसचा चौकोन फुलावरून पक्ष्यावर, पुन्हा फुलावर उड्या मारतो.]

पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस 2020 नंतरच्या कॅमेऱ्यांत सर्रास आला, आणि मोकळ्या आभाळात तो कमाल करतो. फुलोऱ्यात त्याची तारांबळ बघा. पुढचं पुंकेसराचं झुबकं त्याला जास्त आवडतं. तिने तो बंद केला आणि एकच छोटा फोकस-बिंदू घेतला. थव्यात ती एवढंच बघते की दोन डोकी एकमेकांवर चढलेली नाहीत. तीन पक्षी सुटे, प्रत्येकाचं कडं दिसतंय, बाकीचे पुसट झाले तरी चालतील.

[पडद्यावर : शेवग्याचा पांढरा फुलोरा, मागे उजळ आभाळ.]

शेवग्यावर हीच मंडळी येतात. पांढरी फुलं, पांढरं आभाळ, तेव्हा उलट करायचं. एक्स्पोजर वाढवायचं, आभाळ पूर्ण पांढरं होऊ द्यायचं, फक्त पाकळ्या शाबूत ठेवायच्या. हिरवट पिवळा पक्षी कागदावर उमटावा तसा दिसतो.

[पडद्यावर : स्टँडला क्लॅम्पने लावलेली तोडलेली फुलांची फांदी, शेजारी स्पीकर.]

हेही आमच्या कॅमेऱ्यात आलं. तोडून आणलेली फांदी, क्लॅम्प आणि मोबाइलला जोडलेला स्पीकर. फांदी हवी तशी वळवता येते, मागे हवा तो पडदा, आणि नराचा आवाज वाजवला की दुसरा नर भांडायला येतोच. विणीच्या दिवसांत त्याचा खाण्याचा आणि घरट्याजवळचा वेळ त्यात जातो. पण फोटो म्हणूनही ही फांदी फसते. तुटलेली फुलं लवकर मलूल होतात, कळ्या उमलत नाहीत. आणि पक्ष्याची मान फुलाकडे वळलेली नसते, ती आवाजाकडे ताणलेली असते. एकदा ही मान ओळखायला शिकलात की बक्षिसं मिळालेल्या फोटोंतही ती दिसायला लागते.

[पडद्यावर : संगणकावर तोच पळस, तोच शिंजीर. क्रॉपची चौकट सरकते.]

शेवटचं काम खुर्चीत बसून. आजकालच्या मोठ्या फाइलीतून पक्षी कितीही मोठा करून कापता येतो. ती चौकट आत ओढून बघते, पुन्हा बाहेर नेते. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक वाळकी काडी आली आहे. सॉफ्टवेअरने ती क्षणात पुसता येईल. एकदा पुसून बघितली, तर फांदी कुठून आली तेच कळेना, घोस हवेत लटकल्यासारखा दिसायला लागला. काडी परत आणली. डावीकडून थोडं कापलं, उजवीकडची कळ्यांची रांग पूर्ण ठेवली, आणि फाइल आडवीच सेव्ह केली.