ग्रिलमधल्या लिंबावर तेलाची फवारणी

नमस्कार श्रोतेहो. घोडबंदर रोड असो की खारघर, फ्लॅटच्या ग्रिलमध्ये वाढणाऱ्या लिंबाला, अंजिराला कधी ना कधी कीड लागतेच. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. फांदीला चिकटलेले तपकिरी ठिपके नखाने खरवडून निघाले तर ती खवले कीड. खालची पानं चिकट आणि काळी पडली असतील, तर वर यांपैकी कुणीतरी रस शोषतंय, असं समजा.

यावर निंबोळी तेल चालतं. तेलाचा थर किडीच्या अंगावरची श्वासाची छिद्रं बुजवतो आणि ती गुदमरते. म्हणजे तेल जिथे पोचलं नाही, तिथली कीड जिवंत राहते. बहुतेकांची फवारणी फसते ती इथेच: वरून पानं ओली होतात, कीड पानाखाली सुखरूप!

एक लीटर पाण्याला पाच मिली, म्हणजे एक छोटा चमचा तेल पुरे. थंडीत ते थिजतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा. आधी कपभर कोमट पाण्यात दोन मिली सौम्य लिक्विड साबण मिसळा, त्यात तेल घालून पांढरट दुधासारखं होईपर्यंत हलवा, मग उरलेलं पाणी. तेल थेट पाण्यात ओतलं तर ते वर तरंगतं आणि बाटलीतला शेवटचा भाग निव्वळ तेलाचा उरतो. पानं जळतात ती त्यानेच. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात साबण फाटतो, तेव्हा पिण्याचं पाणी घ्या. कपडे धुण्याची पावडर मात्र नको, आणि भजी तळून उरलेलं तेलही नको. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

आधी दोन-तीन पानांवर मारून दोन दिवस बघा. डाग पडले नाहीत तर कुंडीला पाणी घालून, संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारा. ऑक्टोबरच्या उन्हात किंवा सुकलेल्या झाडावर मारू नका. गंधक मारलं असेल तर महिनाभर थांबा. पावसाळ्यात दमट हवेमुळे तेल वाळायला वेळ लागतो, म्हणून पंखा लावा. खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतील तर आधी हाक मारा. निंबोळीचा वास धुऊनही लवकर जात नाही.

पिठ्या ढेकणाचे मोठे पुंजके आधी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा. त्यांच्या मेणावरून तेल नुसतं ओघळतं. अंडी वाचतात, म्हणून सात-आठ दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. खोडावरून मुंग्या चढत असतील तर त्यांचाही बंदोबस्त करा. कीड जो गोड चिकट रस सोडते, त्यासाठी मुंग्या तिची राखण करतात.

खवले कीड मेल्यावरही फांदीला चिकटूनच असते. ठिपका नखाने दाबून बघा. कोरडा भुगा निघाला तर ती मेली. ओल लागली तर अजून एक फवारणी.