मैत्रिणीनं सांगितलं, आता आपण कसं राहायचं

नमस्कार मंडळी. आजचा विषय जरा जड आहे, रेडिओजवळ लहान लेकरं असतील तर काय करायचं ते तुम्ही ठरवा, आणि ज्यांच्यासोबत लहानपणी असं काही झालं आहे त्यांना मध्येच रेडिओ बंद करावासा वाटला तर खुशाल करा. बोलायचं आहे ते लहानपणी झालेल्या लैंगिक शोषणाबद्दल, म्हणजे त्यातून आता तिशी-चाळिशीत सावरून राहिलेली आपली मैत्रीण असेल, मित्र असेल, तर आपण त्यांच्यासोबत कसं राहायचं.

आपल्याकडे अशी गोष्ट कोणी समोरासमोर बसून सांगत नाही. कापूस वेचताना निघते. दोघी शेजारशेजारच्या तासात, कमरेला ओटी बांधलेली, डोळे बोंडावर, तोंडाकडे कोणी पाहत नाही, आणि ती एकदम म्हणते, "मी लहान होती ना, तवा आमच्या घरी एक जण येत होता." बस, एवढंच. तेव्हा हात थांबवून तिच्याकडे टक लावून पाहू नका. वेचत राहा, तिच्या बरोबरीनं राहा, आणि म्हणा, "सांग, मी ऐकून राहिली." पुढं बोलली तर ऐका, नाही बोलली तर त्या दिवशी तेवढंच. किती वेळा झालं, नेमकं काय केलं, हे खोदून विचारायचं नाही, आपल्याला ते माहीत असून करायचं काय आहे?

आणि "इतके वर्ष काहून नाही सांगितलं?" हे तर मुळीच विचारू नका. अहो, सात-आठ वर्षांचं लेकरू, समोरचा माणूस घरातला, सगळे ज्याला मान देतात असा, आणि त्यानं दम दिलेला, सांगणार कोणाला? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ साली १३ राज्यांतल्या १२ हजारांवर मुलांचा अभ्यास छापला होता, त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी काही ना काही लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, त्यात मुलगेही मुलींएवढेच होते, आणि बहुतेकांनी ते घरी सांगितलेलंच नव्हतं. म्हणून पानठेल्यावर एखादा मित्र अडखळत काही सांगत असेल तर "पोट्ट्यांसोबत असं होते का बे कुठं" म्हणून हसू नका. तो पुन्हा तोंड उघडणार नाही.

"माझा तुझ्यावर विश्वास आहे, तुझी काही चूक नव्हती." हे दोन शब्द म्हणा. एकदा म्हणून भागत नाही, वर्षभरानं ती पुन्हा विचारते, "माझंच काही चुकलं असन का गं?", तेव्हाही तेच म्हणायचं, न कंटाळता.

काही जणांना ऐकल्यावर इतका राग येतो की "सांग त्याचं नाव, हातपायच तोडतो" म्हणून उठतात. राग खरा आहे, मला कळतो. पण मग होते काय, ती बिचारी स्वतःचं बाजूला ठेवून तुम्हालाच शांत करत बसते. लहानपणी तिच्या शरीराचं दुसऱ्यानंच ठरवलं होतं, आता निदान कोणाला सांगायचं, नवऱ्याला सांगायचं का, पोलिसात जायचं का, हे तिला ठरवू द्या. गाव लहान आहे, आरोग्याचं काम पाहणारी आशाताईही शेजारच्याच गल्लीतली, तिच्या भल्यासाठी म्हणूनसुद्धा परस्पर कोणाजवळ बोलायचं नाही.

दोन ठिकाणी मात्र गप्प राहता येत नाही. तो माणूस आजही लहान लेकरांच्या आसपास आहे आणि एखाद्या लेकराला धोका आहे असं कळलं, तर मैत्रिणीला सांगून पण तक्रार करायचीच, १०९८ या लेकरांच्या हेल्पलाइनवर किंवा पोलिसांना, पोक्सो म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा जो कायदा आहे, त्यात तसं बंधनच आहे. आणि दुसरं, ती मरणाचं बोलायला लागली तर तिला एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं आधी तिथून हलवा, आणि १४४१६ वर फोन लावा. टेली मानस म्हणतात त्याला, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालू असते, मराठीत बोलता येते. तुम्हाला स्वतःला हे ऐकून झोप लागत नसेल तरी याच नंबरवर बोला, त्यात लाजायचं काही नाही.

तक्रारीचं म्हणाल तर पोक्सो १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, मुलगा असो की मुलगी, १८ वर्षांखालचे सगळे त्यात येतात. मोठं झाल्यावरही लहानपणच्या गुन्ह्याची तक्रार करता येते, फक्त २०१२ च्या आधीचं असेल तर तेव्हाचा कायदा लागतो, म्हणून वकिलाला विचारलेलं बरं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायांना वकील फुकट मिळतो. मानसिक आजाराचे डॉक्टर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात भेटतात. एसटीनं तिच्यासोबत जा, बाहेरच्या बाकावर बसा, आत काय बोलली ते परत येताना विचारू नका, भूक लागली असेल तर चहा-आलुबोंडा खा आणि घरी या.

सावरणं सरळ रेषेत होत नाही. चार महिने चांगली असते, आणि मग बसमध्ये शेजारच्यानं तंबाखूचा खर्रा घोटला, त्या वासानं तिचे हात गार पडतात, श्वास चढतो, कारण त्या माणसाच्या तोंडाला तोच वास होता. तेव्हा पटकन जवळ घेऊ नका, आधी विचारा, "हात धरू का?" पाय जमिनीवर टेकव म्हणा, बाहेर काय काय दिसते ते सांग म्हणा, पाणी द्या, जमलं तर पुढच्या स्टॉपवर उतरा. थोड्या वेळात ओसरते.

आता लग्नाचे दिवस येतील. तिच्यासाठी सगळ्यात अवघड तेच असते, कारण तो माणूस मांडवात पुढच्या खुर्चीवर बसलेला असतो आणि कोणी तरी मोठी बाई म्हणतेच, "पाया पड गं त्यांच्या." आधीच तिला विचारून ठेवा, जायचं आहे का नाही. जायचं नसेल तर लेकराला ताप आला म्हणून सांगायला तुम्ही मदत करा. जायचं असेल तर तिच्या शेजारीच राहा, पंगतीत तिच्या बाजूला बसा, आणि पाया पडायची वेळ आली की "चाल, आत पोळ्या लाटायला बोलावलं" म्हणून तिला घेऊन जा. कोणाला काही कळत नाही, पण तिला कळते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा, कारण लग्नातून घरी गेल्यावर रात्री तिला झोप लागलेली नसते. ती म्हणेल काही नाही झालं, ठीक आहे मी. तरी थोडा वेळ बोला, भाजी काय केली ते विचारा, फोन ठेवायची घाई करू नका.