योहानाच्या कंबरेचा पट्टा आणि मार्कला दिसलेला एलीया

नमस्कार मंडळी! आज प्रस्तावना नको, डायरेक्ट मुद्द्यावर येतो. मार्कचं शुभवर्तमान (बायबलच्या नव्या करारात येशूची गोष्ट सांगणारी जी चार पुस्तकं आहेत त्यातलं एक) उघडा, पहिला अध्याय, सहावं वचन. चारही शुभवर्तमानांत हे सगळ्यात छोटं, १६ अध्याय फक्त, आणि मार्क कायम घाईत असतो, येशूचा जन्म नाही, बालपण नाही, येशू दिसायला कसा होता, उंच होता की बुटका, एक अक्षर नाही. आणि शब्द असे मोजून वापरणारा हा माणूस योहान बाप्तिस्मा करणारा (येशूच्या आधी आलेला, लोकांना नदीत बाप्तिस्मा देणारा) आला की मात्र थांबतो आणि त्याचे कपडे सांगत बसतो! उंटाच्या केसांचं वस्त्र, कंबरेला कातड्याचा पट्टा, खायला टोळ आणि रानमध.

आपण वाचतो आणि म्हणतो हां, वैरागी माणूस दिसतोय, आणि पुढे जातो. पण पहिल्या शतकातला ज्यू ऐकणारा (ऐकणाराच म्हणायचं, कारण एकजण वाचून दाखवायचा आणि बाकीचे ऐकायचे) पुढे गेला नसता. कीर्तनात बुवांनी नुसतं मोरपीस आणि बासरी म्हटलं की नाव घ्यायची गरज पडते का आपल्याला? तसंच त्याचं या पट्ट्यावर झालं असणार.

कारण जुन्या करारातलं (म्हणजे ज्यूंच्या शास्त्रातलं) "दुसरे राजे" हे पुस्तक, पहिला अध्याय. राजा अहज्या माडीवरच्या जाळीतून खाली पडतो, अंथरुणाला खिळतो, आणि आपण वाचणार का हे विचारायला एक्रोनच्या बाल-जबूब नावाच्या देवाकडे माणसं पाठवतो. वाटेत एकजण त्यांना अडवतो, म्हणतो इस्राएलात देव नाही का म्हणून तिकडे निघालात, जा, राजाला सांगा की तू या अंथरुणावरून उठणार नाहीस. माणसं तशीच परत येतात. राजा विचारतो, दिसायला कसा होता तो? ते सांगतात, केसाळ होता आणि कंबरेला कातड्याचा पट्टा होता. एवढंच! आणि राजा तिथल्या तिथे ओळखतो, हा तर एलीया तिश्बी. आता हे शास्त्र त्या काळी ग्रीकमध्ये भाषांतर झालेलं होतं, आणि त्यातले पट्ट्याचे शब्द आणि मार्कचे ग्रीक शब्द शेजारी ठेवले तर सरळ सरळ जुळतात.

एलीया कोण हे थोडक्यात सांगतो. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, राजा अहाब आणि राणी ईजबेल यांच्या काळातला. कर्मेल डोंगरावर बआल देवाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिलेला, आणि लगेच पुढच्या अध्यायात राणीच्या धमकीने पळून रानात एका झुडपाखाली बसून "देवा, आता माझा जीव घे" म्हणणारा. मला हा माणूस फार जवळचा वाटतो, एवढा मोठा विजय आणि लगेच एवढं खचणं, शास्त्राने काहीच लपवलेलं नाही. पण आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे एलीया मेला नाही, यार्देन नदीच्या पलीकडे अग्निरथ आला आणि तो वावटळीतून वर गेला. आणि जो मेलाच नाही तो परत येऊ शकतो. जुन्या करारातल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकात अगदी शेवटी देव सांगतोच, परमेश्वराचा तो मोठा दिवस येण्यापूर्वी मी एलीयाला तुमच्याकडे पाठवीन. इसवी सनापूर्वी १८०च्या आसपास यरुशलेममध्ये लिहिलेल्या सीराखच्या पुस्तकातही हीच आशा आहे, एलीया येईल आणि याकोबाचे वंश पुन्हा उभे करील.

ही वाट बघणं आजही चालू आहे, आणि तेही आपल्या कोकणात. रायगडातले बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे आपले ज्यू लोक, नवस फेडताना किंवा लग्नकार्याच्या वेळी मलिदा करतात, ताटात पोहे, गूळ, खोबरं, फळं, आणि प्रार्थनेत एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचंच नाव. अलिबागजवळच्या खंडाळा गावात (घाटातलं खंडाळा नव्हे, हे वेगळं) एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे मराठी माणसाला एलीया परका नाही, फक्त आपण शेजाऱ्याला कधी विचारलेलं नसतं.

तर पुन्हा मार्ककडे. तो सुरुवातच करतो "यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात लिहिलंय तसं" म्हणून, पण पहिली ओळ यशयाची नाहीच, "पाहा, मी आपला दूत पाठवतो" ही मलाखीची आहे, त्यात निर्गम या पुस्तकाचाही सूर मिसळलाय, आणि मलाखीचा हा दूत म्हणजे एलीया असं पुढे मलाखीतच उमगतं. मग यशयाची ओळ, अरण्यात परमेश्वराचा मार्ग तयार करा. आणि मग अरण्यात, यार्देनच्या काठी, जिथून एलीया गेला त्याच नदीवर, कातड्याचा पट्टा बांधलेला माणूस. मार्क एकदाही म्हणत नाही की योहान म्हणजे एलीया, तो ते ऐकणाऱ्यावर सोडतो.

आता सहावा अध्याय, आणि इथे नीट लक्ष द्या कारण मला आज जे सांगायचंय ते इथे आहे. हेरोदाची मेजवानी. हेरोद अंतिपा हा खरा राजा नव्हता, रोमच्या हाताखालचा मांडलिक होता, पण मार्क त्याला सरळ "राजा" म्हणतो. आणि कसा राजा? योहानाला घाबरणारा, त्याचं ऐकायला आवडणारा, पण डळमळीत. त्याच्याशेजारी राणी हेरोदिया, जिला संदेष्ट्याचा जीव हवाय. ओळखीचं वाटतंय ना? डळमळीत अहाब आणि एलीयाच्या जिवावर उठलेली ईजबेल! मुलगी नाचते, राजा म्हणतो अर्धं राज्य माग, आणि हे "अर्धं राज्य" पुन्हा एस्तेरच्या पुस्तकातून आलंय, तिथेही मेजवान्या आणि तिथेही राजा. फरक एकच, ईजबेलने शपथ घेतली पण एलीया तिच्या हातून निसटला. योहान निसटला नाही, त्याचं शीर तबकात आलं.

हीच घटना योसेफस नावाच्या ज्यू इतिहासकाराने पण लिहून ठेवलीय, पहिल्या शतकाच्या शेवटच्या दशकात. त्याच्याकडे नाच नाही, मेजवानी नाही, तबक नाही. तो सांगतो, योहानामागे लोक जमत होते, हेरोदाला बंडाची भीती वाटली, म्हणून त्याला मखेरसच्या किल्ल्यात नेऊन मारलं, मृत समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्डन देशात आहे तो किल्ला. (नाचणाऱ्या मुलीचं नाव सलोमे आपण सर्रास घेतो, ते मार्कमध्ये नाहीच, हेरोदियाच्या मुलीचं ते नाव योसेफसमुळे कळतं.) म्हणजे घटना एक, योसेफस तिच्याकडे राजकारण म्हणून बघतो आणि मार्क तीच घटना राजे या पुस्तकाच्या उजेडात बघतो.

आणि बघून तो कुठे पोचतो ते ऐका. नवव्या अध्यायात शिष्य डोंगरावरून उतरताना येशूला विचारतात, आधी एलीया यायला हवा असं शास्त्री (नियमशास्त्राचे पंडित) म्हणतात ते कसं? येशू म्हणतो, एलीया येऊन गेला, आणि त्यांनी त्याचं मनाला येईल तसं केलं. म्हणजे सगळे ज्याची वाट बघत होते, जो येऊन सगळं नीट करणार होता, तो आला आणि एका मेजवानीत मारला गेला, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. अग्रदूताचं हे झालं तर ज्याच्यासाठी तो आला त्याचं काय होणार, हे मार्कने सहाव्या अध्यायातच सांगून टाकलंय.

आता १५व्या अध्यायात क्रूस. तिथे जुन्या करारातलं बाविसावं स्तोत्र पानभर पसरलंय, कपड्यांवर चिठ्ठ्या टाकणं तिथलं, डोकी हलवून टिंगल करणं तिथलं, आणि येशूची ती हाक, "एलोई, एलोई, लमा सबखथनी", माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, ही त्या स्तोत्राची पहिलीच ओळ. "एलोई" कानाला एलीयासारखं वाटतं, म्हणून जवळ उभे असलेले काहीजण म्हणतात, ऐका, तो एलीयाला हाक मारतोय! एकजण धावत जाऊन बोळा आंबट द्राक्षारसात बुडवतो, वेताला लावून त्याला प्यायला देतो आणि म्हणतो, थांबा, एलीया त्याला खाली उतरवायला येतो का बघू. ते वाट बघतायत. पण ऐकणाऱ्याला माहितीय की एलीया कधीच येऊन गेला आणि त्याचं शीर तबकात गेलं. वरून कोणी येणार नाहीये. मी हा प्रसंग लहानपणापासून दर गुड फ्रायडेला ऐकत आलोय, पण एलीयाचा धागा हातात आल्यावर तो मला सहन होत नाही इतका जड वाटतो.

आता कमेंटमध्ये दोन बाजू पडणार मला माहितीय. एक म्हणणार ही सगळी भविष्यवाणीची पूर्तता, टिक करा आणि पुढे चला. दुसरी म्हणणार सगळं जुन्या करारातून उचललं, म्हणजे काही घडलंच नाही. मला दोन्ही पटत नाहीत. योहान मारला गेला हे योसेफस वेगळ्या वाटेने सांगतोय, घटना आहेच. आणि घडलेल्या गोष्टीचा अर्थ शास्त्रातून लावणं ही त्या काळच्या ज्यू माणसाची विचार करायचीच पद्धत होती. १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांमध्ये ज्या गुंडाळ्या सापडत गेल्या त्यात एका ज्यू पंथाची नियमावली आहे, त्यांनी यशयाचं हेच वचन, अरण्यात मार्ग तयार करा, स्वतःला लावून घेतलंय, आम्ही अरण्यात जाऊन नियमशास्त्राचा अभ्यास करतो तोच तो मार्ग. एकच ओळ, दोन गट, दोन अर्थ, आणि दोघांचंही मूळ ज्यूच. म्हणून जुना करार म्हणजे नुसती प्रस्तावना असं कोणी म्हटलं की मला वाईट वाटतं, ज्यूंवरही अन्याय आणि मार्कवरही.

आणि शुभवर्तमान लिहिणाऱ्यांचं यावर एकमत होतं असंही नाही बरं का. लूक योहानाचे कपडे गाळतो, क्रुसाजवळची एलीयाची ओळ गाळतो, आणि एलीयाचा रंग बराचसा येशूला देतो. नाईन गावाच्या वेशीवर विधवेचा एकुलता एक मुलगा जिवंत होतो आणि येशू "त्याला त्याच्या आईच्या हवाली करतो", हे वाक्य सारफथच्या विधवेच्या गोष्टीत (तिथे एलीया तिच्या मुलाला जिवंत करतो) एलीयासाठी ग्रीकमध्ये अगदी तसंच्या तसं आहे. चौथ्या शुभवर्तमानात तर योहानाला तोंडावर विचारतात, तू एलीया आहेस का, आणि तो म्हणतो, मी नाही.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर वाचायचा क्रम सांगतो. पहिले राजे १७व्या अध्यायापासून दुसरे राजेच्या दुसऱ्या अध्यायापर्यंत, मधले लढायांचे भाग पटापट वाचले तरी चालतील. मग मलाखीचे शेवटचे दोन अध्याय. आणि मग मार्क, एका बैठकीत, शक्यतो मोठ्याने, दीड-दोन तासांत होतो. सहाव्या अध्यायात येशू पाच भाकरींत जमावाला जेवू घालतो ती गोष्ट आली की दुसरे राजे, चौथा अध्याय, शेवटची तीन वचनं काढून बघा, तिथे एलीयाचा शिष्य अलीशा २० भाकरींत १०० माणसं जेवू घालतो आणि उरतंही, आणि मार्कने त्या गोष्टीचं काय केलंय ते मला खाली लिहून कळवा, पुढचा व्हिडिओ त्यावरच करायचाय.