वहीतलं नाव

श्रोतेहो, सर्वांना सलाम.

"आमचं प्रभूशी नीट चाललंय, मंडळी कशाला हवी?" मंडळीबद्दल, म्हणजे चर्चबद्दल, सांगली-मिरजेत हल्ली हे वरचेवर कानावर येतं. म्हणणारे वाईट नाहीत. घरी प्रार्थना करतात, मोबाईलवर संदेश ऐकतात, नाताळला उपासनेलाही येतात. मीही तीन वर्षं तेच केलं, म्हणून आज बोलते आहे.

आमच्या मंडळीत हंगामाचा सण होता. पुढं उसाच्या मोळ्या, सुपात हळकुंडं, द्राक्षांच्या पेट्या. उपासनेनंतर लिलाव झाला. गुळाची एक ढेप तिघांनी चढाओढीनं 900 रुपयांवर नेली आणि घेणाऱ्यानं ती तिथंच फोडून पोरांना वाटली. त्याच दुपारी लिलावाच्या हिशेबावरून माझी एका बहिणीशी बोलाचाली झाली. शब्दानं शब्द वाढला. मी जी निघाले, ती परत गेलेच नाही. मग एखादा रविवार मिरजेला, एखादा विश्रामबागला, उरलेले फोनवर. संदेश उत्तम असायचे. पण मी आले काय, न आले काय, विचारणारं कुणी नव्हतं. खरं सांगते, मला तेच बरं वाटत होतं.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीला पाणी लागलं, तेव्हा दारात दोन माणसं उभी. आमच्या जुन्या मंडळीचे पंच, छातीपर्यंत भिजलेले. पाळकसाहेबांनी सभासदांची वही काढून नदीकडची घरं एकेक करून बघायला सांगितलं होतं. माझं नाव कुणी खोडलं नव्हतं. सासूबाईंना त्यांनी खुर्चीसकट उचलून नेलं.

नंतर मी बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं पुन्हा वाचली. करिंथ, फिलिप्पै, थेस्सलनीका. बहुतेक पत्रं त्या त्या गावच्या मंडळीला लिहिलेली. फिलिप्पैत दोन बायकांचं पटत नव्हतं. पौल दोघींची नावं घेऊन विनवतो, एकचित्त व्हा म्हणतो आणि आपल्या एका सोबत्याला सांगतो, यांना मदत कर. दोघींपैकी एकीनं दुसरीकडे जावं, असं तो लिहीत नाही. एकमेकांची ओझी वाहा, एकमेकांना क्षमा करा, हे घरात एकट्यानं बसून कसं पाळायचं? फोनवरचा उपदेशक मला कधी दुखवत नाही, म्हणून त्याला क्षमा करायची वेळही माझ्यावर येत नाही.

मंडळी नको म्हणताना काहीजण ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा दाखला देतात. 1917 मध्ये त्यांनी मिशनचं काम सोडलं, हे खरं. पण साताऱ्याला येऊन त्यांनी काय केलं? 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा झालेले, न झालेले, सगळ्या ख्रिस्तशिष्यांनी एकत्र यावं म्हणून. संस्थेबाहेर पडलेल्या माणसालाही सोबती लागलेच की.

काही ठिकाणी माणसांवर खरोखर अन्याय होतो, हे मी जाणते. तिथून उठायलाच हवं. पण उठून दुसऱ्या मंडळीत जा आणि तिथं नाव घाला.

त्या बहिणीचं आणि माझं आजही सगळं जुळत नाही. मी परत गेले त्या रविवारी तिनं काही न बोलता गीतांचं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं, पान काढून. त्या दिवशी आम्ही एकाच बाकावर बसून प्रभुभोजन घेतलं.

तेव्हा येत्या रविवारी उपासना संपली की लगेच चपला शोधू नका. पाळकांना भेटा. आधीच्या मंडळीचा दाखला असेल तर बरोबर न्या. वहीत आपलं नाव लिहायला सांगा, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचंही. आणि पत्ता नीट सांगा: गल्ली कुठली, मजला कितवा.