अकरा हजार मेल, एक फिल्टर आणि माझी फजिती

(पडद्यावर थंडरबर्डची खिडकी. इनबॉक्सपुढे आकडा: ११,४३६)

नमस्कार मंडळी! हा आकडा नीट बघून घ्या. अकरा हजार चारशे छत्तीस. न वाचलेले मेल. आणि हे दुसऱ्या कुणाचे नाहीत, माझेच आहेत. लोकांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाचा इनबॉक्स हा असा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तर आज हा ढिगारा तुमच्यासमोर उपसायचा. मी थंडरबर्ड हे मेल वाचण्या-पाठवण्याचं सॉफ्टवेअर वापरतोय, कारण ते फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि २००४ सालापासून टिकून आहे. तुमच्याकडे आउटलुक असेल तर बटणांची नावं बदलतील, काम तेच. आउटलुकमध्ये फिल्टरला 'रूल' म्हणतात, एवढं लक्षात ठेवा.

आता कुणीतरी म्हणेल, अरे, ब्राउझरमध्ये मेल दिसतात की, वेगळं सॉफ्टवेअर कशाला? एकच खातं असेल तर खरंच नको, व्हिडिओ इथेच बंद करा, मी रागावणार नाही. पण माझी चार खाती आहेत. चार टॅब, चार पासवर्ड, आणि भलत्याच खात्यावरून उत्तर पाठवायचं. इथे चारही एका खिडकीत येतात आणि नेट गेलं तरी उतरवून ठेवलेले मेल वाचता येतात.

खातं जोडताना एक प्रश्न येतो, तिथे घाई करू नका. आयमॅप की पॉप? आयमॅप घ्या. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच, म्हणजे मेलसेवेच्या कॉम्प्युटरवरच राहतो, तुम्ही इथे फोल्डर बदललं की फोनवरही बदलतं. पॉप म्हणजे सर्व्हरवरून मेल उतरवून या मशीनवर आणणं. 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही खूण काढलेली असेल तर तो फोनवर दिसणारच नाही, आणि हार्ड डिस्क गेली की मेलही गेला. आयमॅपची उलटी बाजूही सांगतो: इथे डिलीट केलं की तिकडेही डिलीट. त्यामुळे आयमॅप आहे म्हणजे बॅकअप आहे, या भ्रमात राहू नका.

चला, ढिगाऱ्याकडे.

(पडद्यावर: पाठवणाऱ्याच्या नावाच्या रकान्यावर क्लिक)

पहिलं काम, तारखेप्रमाणे लावलेले मेल पाठवणाऱ्याच्या नावाप्रमाणे लावायचे. बघा, एका क्लिकमध्ये चित्र बदललं. हे सगळे एकाच खरेदीच्या साइटचे. हे सगळे 'तुमच्या ओळखीच्या कुणीतरी काहीतरी टाकलंय' छापाचे. हे बँकेच्या ओटीपीचे, ज्यांचं आयुष्य दहा मिनिटांचं होतं आणि जे इथे तीन वर्षं बसलेत. पहिल्यावर क्लिक, शिफ्ट दाबून शेवटच्यावर क्लिक, डिलीट. अकरा हजार मेल म्हणजे अकरा हजार निर्णय नव्हेत. माझ्याकडे ते साठ-सत्तर निघाले. हे काम चहा घेत घेत होतं.

बातमीपत्रं तुम्हीच कधीतरी सुरू केली असतील, तर तळाच्या 'अनसबस्क्राइब'वर जा. पण ज्याचं नावगाव माहीत नाही असा सरळसरळ स्पॅम असेल तर तिथे अजिबात क्लिक करू नका. 'या पत्त्यावर जिवंत माणूस आहे' अशी पावती आपण स्वतःहून देतो. त्यापेक्षा मेल निवडा आणि कीबोर्डवर 'जे' दाबा. थंडरबर्ड त्याला जंक ठरवतं आणि त्यातल्या शब्दांवरून पुढच्या वेळी काय ओळखायचं ते शिकतं. चुकून चांगला मेल जंकमध्ये गेला तर शिफ्ट-जे. हेही करत जा, कारण नुसतं वाईट दाखवलं तर त्याला चांगलं काय ते कळत नाही.

आता फिल्टर. खरा मामला इथे आहे आणि माझी फजितीही इथेच झाली.

फिल्टर म्हणजे हुकूम: असा मेल आला तर त्याचं असं कर. टूल्स मेन्यूत मेसेज फिल्टर्स, तिथे न्यू. वर अटी, खाली कृती. मी उत्साहात एक फिल्टर केला. अट पहिली: पाठवणारा ती खरेदीची साइट. अट दुसरी: विषयात 'ऑफर' हा शब्द. कृती: डिलीट. झकास, नाही का?

(पडद्यावर: अटींच्या वरच्या दोन गोल खुणा, मोठ्या करून)

आता या दोन गोल खुणा बघा. 'मॅच ऑल' म्हणजे सगळ्या अटी जुळल्या तरच. 'मॅच एनी' म्हणजे कुठलीही एक जुळली तरी पुरे. माझ्याकडे 'एनी' राहिलं होतं. म्हणजे विषयात 'ऑफर' असलेला प्रत्येक मेल, कुणाचाही असो, थेट कचऱ्यात. त्यात एका कामाची विचारणा होती, विषय होता 'कामाची ऑफर'. मला ती तीन आठवड्यांनी सापडली. समोरच्याने तोवर दुसरा माणूस बघितला होता. दोष सॉफ्टवेअरचा नाही, त्याने सांगितलं तेवढंच केलं.

तेव्हापासून माझा नियम असा: नव्या फिल्टरला पहिला आठवडा डिलीटचा अधिकार द्यायचा नाही. फक्त फोल्डरमध्ये हलव म्हणायचं आणि आठवड्याने आत डोकावायचं. फिल्टरच्याच खिडकीत 'लॉग' नावाचं बटण आहे, ते चालू ठेवलं तर कुठला मेल कुणी कुठे नेला याची नोंद मिळते.

दुसरा सापळा मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास. 'कंटेन्स' ही अट शब्द बघत नाही, अक्षरं बघते. समजा तुम्ही करासंबंधीचे मेल वेगळे काढायला विषयात 'कर' असा फिल्टर लावला. मग 'लवकर उत्तर द्या' पकडला जाईल. 'करार' पकडला जाईल. 'नोकरी'सुद्धा, कारण 'करी'त 'कर' आहेच. म्हणून शब्दावर शक्यतो जाऊ नका, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर जा.

आणि त्याहून पक्कं हवं असेल तर हे बघा. एखादं बातमीपत्र उघडा आणि कंट्रोल-यू दाबा.

(पडद्यावर: मेलचा कच्चा मजकूर)

घाबरू नका, ही मेलच्या पाकिटाची आतली बाजू. इथे 'लिस्ट-आयडी' अशी ओळ दिसतेय? गटाला किंवा यादीला जाणाऱ्या मेलवर ती बहुतेक वेळा असते. पाठवणारा माणूस रोज बदलला तरी ही ओळ सहसा तीच राहते. फिल्टर करताना पहिल्या यादीत अगदी तळाला 'कस्टमाइझ' आहे, तिथे हे नाव एकदा टाकलं की त्यावर अट लावता येते. चर्चागटांसाठी माझे सगळे फिल्टर याच ओळीवर आहेत.

एक गोष्ट लोक विसरतात. हे फिल्टर थंडरबर्ड चालवतं, सर्व्हर नाही. कॉम्प्युटर बंद असेल तर फोनवर सगळा गाळ तसाच दिसेल. फोनवरच जास्त मेल बघत असाल तर तोच नियम मेलसेवेच्या सेटिंगमध्ये जाऊन लावा, तो तिकडे चोवीस तास चालेल.

फोल्डरबद्दल माझं मत जरा कडक आहे. पूर्वी माझ्याकडे बेचाळीस फोल्डर होते. एकात एक, त्यात आणखी एक. मेल ठेवताना विचार, शोधताना पुन्हा विचार, आणि ठेवलेला मेल नेहमी त्रेचाळिसाव्यात. आता चार आहेत. झालेला मेल मी 'ए' दाबून अर्काइव्हला पाठवतो, तिथे वर्षाप्रमाणे फोल्डर आपोआप पडतात. काही हवं असलं की कंट्रोल-शिफ्ट-के, नाव टाइप केलं की यादी गाळून समोर. शेजारच्या बटणाने फक्त अटॅचमेंट असलेले मेलही बघता येतात. उरलेल्यांना आकड्यांनी टॅग: १ महत्त्वाचं, ४ करायचं आहे, ० दाबलं की टॅग साफ. मधले २, ३ आणि शेवटचा ५ मी वापरत नाही, तुम्हाला लागले तर बघा.

'इनबॉक्स झीरो' हा शब्द ऐकला असेल. मर्लिन मान या अमेरिकन लेखकाने तो रूढ केला, २००७ साली गूगलमध्ये त्यावर भाषणही दिलं. लोकांनी त्याचा अर्थ मेलची संख्या शून्य असा घेतला. त्यांचा रोख होता तो आपल्या डोक्याचा किती भाग त्या डब्यात अडकलेला असतो याकडे. मला हे पटतं. चौदा मेल पडून असले तरी मला झोप लागते, ते कुठले आहेत हे ठाऊक नसलं तर लागत नाही.

जागेचं पटकन सांगतो. आकाराच्या रकान्यावर क्लिक करा, वरचे वीस-पंचवीस मेलच निम्मी जागा खात असतात. अटॅचमेंट मजकुरात बदलून पाठवली जाते, तीन बाइटचे चार होतात, म्हणून वीस एमबीची फाइल मेलमध्ये सव्वीस-सत्तावीस एमबी होऊन बसते. मेलसेवेची मर्यादा पंचवीस एमबीची असताना वीसची फाइल परत का येते, त्याचं उत्तर हेच. आणि डिलीट करूनही डिस्कवर जागा मोकळी झाली नाही तर फोल्डरवर राइट-क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' करा. थंडरबर्ड साधारणपणे अख्खं फोल्डर एकाच फाइलीत ठेवतं, पुसलेला मेल तोवर आतच असतो, नुसता दिसत नाही.

बॅकअपसाठी थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर, म्हणजे तुमचे उतरवलेले मेल, फिल्टर आणि सेटिंग जिथे साठतात ते. हेल्पमध्ये ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथून ते उघडतं. थंडरबर्ड बंद करा आणि अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा.

आता फिल्टर या जुन्या ढिगाऱ्यावर चालवतो. 'रन नाऊ'.

(पडद्यावर: आकडा उतरत जातो, १४ वर थांबतो)

हे चौदा. यातला हा तिसरा बघा, एका दर्शकाचा, पाच महिन्यांपूर्वीचा. 'दादा, तुम्ही माइक कोणता वापरता?' दोन ओळींचं उत्तर आहे हो. थांबा, आधी ते पाठवतो.