डिस्क गेल्यानंतरचा पहिला तास

नमस्कार. घरी नॅस ठेवणारे आज इथे बरेच जण आहेत, म्हणून नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, फाइली साठवणारा डिस्कचा डबा, एवढंच सांगून पुढे जातो. ओळखीपाळखीच्या लोकांचे अडलेले सर्व्हर बघता बघता माझं एक मत पक्कं झालं आहे. डिस्क खराब झाली म्हणून डेटा जातोच. पण खूपदा तो जातो डिस्क खराब झाल्यानंतरच्या पहिल्या तासात, आपल्याच घाईने. आज मुख्यतः त्या तासाबद्दल बोलायचं आहे.

समजा, चार डिस्कचा नॅस आहे, रेड ५ आहे, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी डेटा टिकेल अशी मांडणी. एके दिवशी बीप सुरू होतो, एक दिवा केशरी होतो. घरातला कुणीतरी आधी बटण दाबून तो बंद-चालू करतो. बीप थांबत नाही. मग दिव्याखालची डिस्क ओढून काढली जाते आणि यूएसबी डॉक लावून विंडोज लॅपटॉपला जोडली जाते. नॅसच्या आत बहुधा लिनक्स असतं. त्यातली ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस फाइल सिस्टीम विंडोजला आपणहून वाचता येत नाही. त्यामुळे ते विचारू शकतं, ‘ही डिस्क फॉरमॅट करायची का?’ किंवा ‘इनिशियलाइझ करायची का?’ माणूस घाबरलेला असतो, समोर एकच बटण ठळक दिसतं, आणि तो ‘हो’ म्हणतो. इथवर प्रकरण एका नव्या डिस्कवर निभावणार होतं. आता, ओढलेली डिस्क चुकून चांगली निघाली, तर ते डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत जातं.

म्हणून पहिलं काम म्हणजे काहीही न काढणं. बीप म्यूट करा. डिस्कमधून टक् टक् असा ठोक्यांचा आवाज येत असेल तर मात्र मशीन रीतसर शटडाऊन करा, कारण ती डिस्क यांत्रिकरीत्या मोडते आहे. तसा आवाज नसेल तर मशीन चालू राहू द्या आणि त्यावर नवीन लिहिणं थांबवा: फोनवरून आपोआप चढणारे फोटो, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, डाउनलोड, सगळं. मग अ‍ॅडमिन पानावर जाऊन स्टोरेजच्या प्रत्येक पडद्याचा मोबाइलने फोटो काढा. कोणती डिस्क कोणत्या खणात, तिचा सीरियल नंबर काय, डिस्कचा एकत्र बांधलेला गट म्हणजे अ‍ॅरे ‘डिग्रेडेड’ (एक डिस्क गमावूनही चालू) आहे की ‘क्रॅश’ (बंद) झाला आहे. नंतर मदत करणाऱ्याला याच माहितीवर सगळं काम करायचं असतं, आणि नेमकी तीच सहसा कुणाकडे नसते.

यानंतरची पायरी बहुतेक जण वगळतात. नवी डिस्क घालून रीबिल्ड, म्हणजे उरलेल्या डिस्कवरून तिच्यावर डेटा पुन्हा उभा करणं, सुरू करण्याआधी, ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते आधी बाहेरच्या यूएसबी डिस्कवर उतरवून घ्या. रीबिल्डमध्ये उरलेली प्रत्येक डिस्क पहिल्या सेक्टरपासून (डिस्कवरचा लहानसा कप्पा) शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचली जाते. ८ टीबीची डिस्क सेकंदाला १८० एमबी या वेगाने वाचली तरी बारा तासांहून जास्त वेळ लागतो. या डिस्क बहुधा एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेल्या, सारख्याच वयाच्या असतात. वर्षानुवर्षं न उघडलेल्या फोल्डरखालचा खराब सेक्टर याच वेळी पहिल्यांदा उघडा पडतो. रेड ५मध्ये एक डिस्क आधीच नसताना दुसरीने असा हात वर केला, तर तेवढा भाग परत जुळवायला काहीच उरत नाही.

डिस्क बदलताना चुकीचा खण ओढला जाणं हीसुद्धा नेहमीची दुर्घटना. दिव्यावर विश्वास ठेवू नका, सीरियल नंबर जुळवा. प्रत्येक ट्रेच्या दर्शनी बाजूला त्या नंबरचे शेवटचे चार आकडे लिहिलेली पट्टी आज घरी गेल्यावर चिकटवा. ज्यांनी स्वतः लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या एमडीअ‍ॅडमचा सर्व्हर बांधला आहे, त्यांना कळकळीची विनंती: इंटरनेटवरून कमांड उचलताना ‘असेंबल’ आणि ‘क्रिएट’ यांतला फरक बघा. असेंबल आहे तो अ‍ॅरे जोडतं. क्रिएट त्या डिस्कवर नव्या अ‍ॅरेची नोंद लिहितं. डिस्कचा क्रम चुकला आणि सिंक, म्हणजे डिस्क एकमेकींशी जुळवून घेणं, सुरू झालं, तर जुना मजकूर पुसला जाऊ लागतो.

अर्थात दोष डिस्कचाच आहे का, हेही तपासायचं असतं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात; त्या स्मार्टच्या यादीत चार ओळी बघा. क्रमांक ५ म्हणजे बदलून घेतलेले सेक्टर, १९७ म्हणजे निर्णयाच्या प्रतीक्षेतले, १९८ म्हणजे वाचताच न आलेले. हे आकडे वाढत असतील तर डिस्क बदला, थांबू नका. १९९ ही ओळ मात्र वेगळी आहे. ती डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वहनातल्या चुका मोजते. ती वाढली तर बहुतेक वेळा केबल किंवा कनेक्टर सैल असतो. आपल्याकडे किनारपट्टीवरच्या दमट हवेत संपर्काची टोकं गंजतात, त्यामुळे तिथल्या मंडळींनी आधी याच ओळीकडे पाहावं. हा आकडा केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही. पुढे वाढतो का, एवढंच बघायचं.

वेगाच्या तक्रारीवर फार वेळ घेत नाही. गिगाबिट नेटवर्कवर कॉपी करताना सेकंदाला ११०च्या आसपास एमबी मिळायला हवेत. तुम्हाला ११-१२ मिळत असतील, तर नॅसला हात लावू नका, केबल बदला. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. एखादी तार तुटली की दोन्ही टोकं बहुधा खालच्या वेगावर समेट करतात. नॅसचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. आणि जुना नॅस नव्या विंडोजमधून दिसत नसेल, तर तो बहुधा एसएमबी या फाइल शेअर करायच्या भाषेची पहिली आवृत्ती बोलतो. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हे खंडणीचं सॉफ्टवेअर तिच्यातल्याच छिद्रातून पसरलं. ती पुन्हा सुरू करण्यापेक्षा नॅसमध्ये पुढची आवृत्ती चालू करा.

विजेबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, गावाकडे ती केव्हाही जाते. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून नॅस सुरक्षित आहे, असं बरेच जण धरून चालतात. साध्या मोडवर असलेल्या इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला जो क्षण लागतो, तेवढ्यात नॅस रीस्टार्ट होऊ शकतो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडची कळ असेल तर ती लावा. खरा उपाय म्हणजे यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस. तो केबलने नॅसला कळवतो आणि बॅटरी संपायच्या आत नॅस स्वतःहून बंद होतो. बाजारातल्या स्वस्त ६०० व्हीए यूपीएसपैकी बऱ्याच यूपीएसना हा पोर्टच नसतो, तेव्हा विकत घेण्याआधी मागची बाजू बघा.

महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे डिस्कवरचं सगळं वाचून तपासणं, चालवा. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टीम प्रत्येक तुकड्याचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जपतात, त्यामुळे मिररमधली, म्हणजे एकच मजकूर दोन डिस्कवर ठेवणाऱ्या मांडणीतली, कोणती प्रत खरी हे त्यांना ठरवता येतं. एमडीअ‍ॅडमच्या मिररला दोन प्रती जुळत नाहीत एवढंच कळतं, खरी कोणती ते नाही. तरीही तपासणी हवीच. डेबियन या लिनक्समध्ये ती मुळातच दर महिन्याच्या पहिल्या रविवारी लावलेली असते. आणि इशाऱ्याचा ईमेल खरोखर पोचतो का, हे चाचणीचं बटण दाबून बघा. न पोचलेल्या ईमेलमुळे अ‍ॅरे महिनोन्‌महिने एका डिस्कविना चाललेला मी पाहिला आहे.

बाहेरून नॅस उघडता यावा म्हणून राउटरवर पोर्ट उघडणं थांबवा. जून २०२१मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या मॉडेलचे इंटरनेटला जोडलेले अनेक नॅस दूरवरून पुसले गेले; जानेवारी २०२२मध्ये क्यूनॅपच्या नॅसवर डेडबोल्ट नावाचं खंडणीचं सॉफ्टवेअर आलं. त्याऐवजी घरच्या नेटवर्कपर्यंत एन्क्रिप्ट केलेली खासगी वाट देणारं वायरगार्ड किंवा टेलस्केल वापरा, राउटरमधलं यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडणारी सोय) बंद ठेवा.

आता बॅकअप. १९८८मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली. स्वस्त डिस्क एकत्र बांधून मोठी, वेगवान आणि एक बिघडली तरी चालत राहणारी साठवण मिळवायची, हे त्यांचं उद्दिष्ट. चुकून पुसलेलं परत देणं हे रेडचं काम कधीच नव्हतं. मिररवर पुसलेली फाइल त्याच क्षणी दोन्हीकडून जाते. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम म्हणूनच पाळा: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत बहिणीच्या घरी ठेवलेली यूएसबी डिस्कसुद्धा चालेल, फक्त ती एन्क्रिप्ट करा आणि तिची किल्ली नॅसवर ठेवू नका.

लग्नाचे व्हिडिओ, आजीच्या आवाजातल्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, वडिलांची स्कॅन केलेली हस्तलिखितं, असं काहीबाही या डब्यांत असतं. त्यातलं एक फोल्डर या आठवड्यात निवडा, बॅकअपमधून दुसऱ्या संगणकावर परत आणा आणि त्यातल्या फाइली उघडून बघा. उघडल्या नाहीत, तर आत्ता, नॅस धडधाकट असताना, दुरुस्त करायला वेळ आहे. प्रश्न घेऊ या. ज्यांनी स्मार्टचे आकडे मोबाइलवर आणले आहेत त्यांनी आधी पुढे यावं.